काकासा, डोनाल्ड आणि आमचा नातू



मागच्या संवत्सरीला मी सुनेला मिच्छामि दुक्कडम् म्हटले, ते नुसते रीतीपुरते नव्हते. त्यामागचे कारण आज लिहिते आहे, कारण तीच चूक आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या हातून होते.

माझा नातू सात वर्षांचा आहे, पुण्याला असतो. तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, हाक मारली तर वळून बघत नव्हता, फिरत्या पंख्याकडे मात्र तासभर बघत बसायचा. तेव्हा मी सुनेला म्हणाले होते, "दिवसभर घरात दोघंच, हातात मोबाईल. मूल बोलणार कसं?" ती काहीच बोलली नाही. चार महिन्यांनी डॉक्टरांनी ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असल्याचे सांगितले. मोबाईलने हे होत नाही, मूल जन्मतःच तसे असते, हेही सांगितले. पण माझे बोलणे तिच्या मनाला लागायचे ते लागून गेले होते.

मग मी वाचायला लागले. वाचता वाचता मला आमचे काकासा आठवले.

मी १९८२ साली बी.कॉम. होऊन कर्जतला सासरी आले. बाजारपेठेत किराणा आणि आडत, मागे वाडा, घरात सतरा माणसे. काकासा म्हणजे माझे चुलत सासरे, तेव्हा चाळिशीचे. ते कुणाच्या डोळ्यांत बघत नसत. आपण विचारलेलाच प्रश्न परत आपल्याला म्हणून दाखवत. ठरलेल्या ताटात बाजरीची भाकरी आणि मुगाची डाळ, एवढेच जेवण. ताट बदलले की उपाशी उठत. त्यांना ऑटिझम होता असे मी आज सांगू शकत नाही, तेव्हा कुणी तपासलेच नाही. घरात शब्द एकच होता, "भोळे आहेत."

आता विचार करते तेव्हा वाटते, आपल्या घरांची शिस्तच त्यांना धार्जिणी होती. सूर्यास्ताआधी जेवण, सकाळी पाणी गाळणे, अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक, रोज सगळे त्याच वेळी. पाणी गाळायचे काम काकासांचेच. सासूबाई सामायिकाला बसल्या की ते शेजारी बसून घडीतली वाळू पडताना बघत. दुकानात रिकामे बारदान दहा-दहाच्या गठ्ठ्यात लावत. एकही गठ्ठा कधी नऊचा निघाला नाही. सासूबाई जेवायला वाढत, जेठजी महिन्याच्या ठरल्या दिवशी न्हाव्याकडे नेत, पोरे स्थानकात घेऊन जात. चुकून स्टँडकडे गेले तर पेठेतला कुणीतरी हाताला धरून घरी आणून सोडी.

पण एकत्र कुटुंबाचे गोडवे गाऊन मी थांबणार नाही. घरच्या मुलीला बघायला पाहुणे आले की काकासांना मागच्या खोलीत बसवत, सोयरीक मोडायला नको म्हणून. शाळेत कुणी घातले नाही. त्यांच्या आईने जन्मभर एकच ऐकले की, गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले. आणि आई गेल्यावर माझ्या सासूबाई त्यांच्यासाठी इतक्या अडकल्या की माहेरी राहायला जाणेच सुटले. काम वाटलेले होते खरे, पण जड वाटा एकाच बाईकडे होता.

आता दूरची गोष्ट सांगते. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे छोटे गाव आहे. तिथे १९३३ साली डोनाल्ड ट्रिपलेट जन्मला. वडील वकील, आईचे माहेर बँकवाले. मूल आपल्याच नादात असे, वस्तू गरगर फिरवत बसे. डॉक्टरांच्या सल्ल्याने चौथ्या वर्षाच्या आतच, १९३७ साली, त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवले. आईवडिलांनी भेटायचे ते महिन्यातून दोनदा. वर्षभराने त्यांनी त्याला परत घरी आणले आणि बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना दाखवायचे ठरवले. त्याआधी वडिलांनी तेहतीस पानी पत्र लिहिले. कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांवर जो लेख लिहिला आणि ज्यातून ऑटिझमची ओळख जगाला झाली, त्यातला पहिला मुलगा हाच.

पुढे तो काही वर्षे गावाबाहेर एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचे वेड होते. त्या दोघांनी ते मोडले नाही, कामाला लावले. विहिरीची खोली मोजायला दिली. मक्याच्या ओळी मोजत मोजत तो नांगर धरायला शिकला. हे सारे बघून कॅनरही खूश झाले. नंतर डोनाल्ड कॉलेजातून पदवी घेऊन आजोळच्या बँकेत नोकरीला लागला. गाडी चालवायला शिकला, गोल्फ खेळायला लागला, देशोदेशी हिंडला. आईवडिलांमागे धाकटा भाऊ, मग पुतण्या त्याच्याकडे बघत होते. खर्चासाठी घरच्यांनी ट्रस्ट करून ठेवला होता. २०२३ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी तो वारला.

आजोळची बँक आणि आमचे दुकान यांत पैशाचा फरक फार मोठा. पण दोन्हीकडे माणसाला बसायला एक जागा आणि करायला एक काम होते, ते नात्यातल्यांनी दिलेले.

दोष मात्र तिकडेही आईलाच. आईची माया थंड असते म्हणून मूल असे होते, हे तिथल्या शिकल्यासवरल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे सांगितले. खुद्द कॅनर यांनीही आधी तसा सूर लावला होता. शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ साली त्यावर मोठे पुस्तक लिहिले. त्याच्या तीनच वर्षे आधी बर्नार्ड रिमलँड यांनी पुस्तक लिहून हे खोडून काढले होते. ते मानसशास्त्रज्ञ, आणि ऑटिझम असलेल्या मुलाचे वडील. शेवटी १९६९ साली कॅनर यांनी पालकांच्या सभेत आईबापांना जाहीरपणे निर्दोष ठरवले. म्हणजे आमच्याकडचे ग्रहण, तिकडची थंड माया आणि माझा मोबाईल, तिन्ही एकाच माळेचे मणी. आपल्यात "पूर्वकर्म" म्हणणारेही असतात. कर्माचा हिशोब प्रत्येकाने स्वतःचा ठेवायचा असतो, दुसरीच्या तोंडावर वाचायचा नसतो, एवढे मला समजते.

आपल्या देशातही वाट आईबापांनीच काढली. मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी १९४४ साली मतिमंद मुलांची जय वकील शाळा सुरू केली. दिल्लीत मेरी बरुआ या आईने १९९१ साली 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' काढली. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझमचे नावच नव्हते. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांतही आले.

कॉमर्सवाली म्हणून १९९९ चा कायदा मला आवडला. "आमच्यामागे याचे कोण?" हा प्रश्न त्यात नीट मांडला आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलासाठी पालक नेमायचा असेल तर आईवडील किंवा नातेवाईक जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करू शकतात. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. काका, मामा, आत्या यांचे प्रेम कितीही असो, त्याचीही वही असावी. याच न्यासाची निरामय ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, तिची चौकशी जरूर करा.

आता आमच्या घरी काय चालते ते सांगते. वाडा वाटण्या होऊन कधीच गेला, तो परत येणार नाही. पण कामे वाटून घेता येतात. दर महिन्याला दहा दिवस मी पुण्याला जाते, तेवढ्या दिवसांत सून झोपते आणि माहेरीही जाते. आमचे हे संध्याकाळी नातवाला बसस्टॉपवर नेतात. त्याला बसचे नंबर आवडतात, त्यावरूनच तो अंक म्हणायला लागला. त्याच्या आत्याने कागदपत्रे आणि दिव्यांग प्रमाणपत्राचे काम अंगावर घेतले. जाऊबाईंनी लग्नकार्यात त्याच्यासाठी शांत खोली आणि वेगळे ताट ठेवायचे पत्करले आहे. खोली त्याला गोंगाट सोसत नाही म्हणून आहे, लपवायला नाही. दार उघडे असते.

संवत्सरीला मी हात जोडले तेव्हा सून म्हणाली, "मम्मी, तुम्ही बोललात त्यापेक्षा नंतर कुणी काही विचारलंच नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं."

तेव्हा तुमच्या नात्यात असे मूल असेल तर कारण शोधत बसू नका. आजच फोन करा आणि विचारा, "कुठला वार माझा?"