चौदा तक्रारी आणि एक आयोग

सर सैयद फाजल अली हे नाव मराठी माणसाला ठाऊक आहे ते राज्य पुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष म्हणून. १९५५ साली त्यांच्या आयोगाने मुंबईचे द्वैभाषिक राज्य सुचविले आणि महाराष्ट्र पेटून उठला. दुसरे नाव न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांचे. १९६७ साली त्यांच्या अहवालाने बेळगाव म्हैसूर राज्याकडेच ठेवण्याची शिफारस केली. ही दोन्ही नावे निघाली की मराठी माणसाच्या कपाळावर आजही आठी पडते. परंतु हे दोघे त्याआधी, १९४६ साली, एकाच चौकशी आयोगात शेजारी शेजारी बसले होते हे फारसे कुणाला आठवत नाही. त्या आयोगापुढचा प्रश्न भाषेचा नव्हता, सीमेचाही नव्हता. प्रश्न असा होता की, शिस्तीत वाढलेले एक आरमार दोन दिवसांत हुकूम पाळायचे का थांबले?

नौदलाच्या त्या उठावावर आपल्याकडे लिहिले गेले ते बहुधा स्वातंत्र्यलढ्याचे शेवटचे पर्व म्हणून. ते योग्यच आहे. आम्हांला इथे त्याची दुसरी बाजू मांडायची आहे. एखाद्या लष्करी तुकडीत वरच्याने खालच्याशी कसे वागावे, खालच्याने दाद कुठे मागावी आणि दाद मिळाली नाही तर त्या तुकडीच्या सज्जतेचे काय होते, याचा तो एक धडा आहे. तो जितका नौदलाचा आहे तितकाच आपलाही आहे.

आरमार वाढले, वागणूक तीच राहिली

रॉयल इंडियन नेव्ही १९३९ पूर्वी अगदी लहान होती. तिच्यात दोन हजारांच्या आतच माणसे होती. त्यांत पंजाबी मुसलमानांबरोबर रत्नागिरी किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता. पिढ्यान्‌पिढ्या गलबते हाकणारी ही घराणी. समुद्राची भीती त्यांना शिकवावी लागत नव्हती की दर्याची वाटही दाखवावी लागत नव्हती. युद्ध सुरू झाले आणि भरती धडाक्याने वाढली. युद्ध संपले तेव्हा हे आरमार पंचवीस हजारांच्या पुढे गेले होते. आता शिकलेली, मॅट्रिकपर्यंत गेलेली पोरे देशभरातून आली होती. भरतीच्या वेळी त्यांना चांगल्या पगाराची, बढतीची, हुन्नराची आश्वासने दिली गेली होती.

प्रत्यक्षात काय मिळाले? एकाच बंदरात, एकाच कामावर असलेल्या गोऱ्या खलाशाचा पगार वेगळा आणि हिंदी खलाशाचा वेगळा. जेवणात खडे असलेला भात आणि पाण्यासारखी डाळ. युद्ध संपल्यावर घरी कधी सोडणार, सोडल्यावर पुढे काय, याचे उत्तर नाही. आणि या सगळ्यावर रोजची तुच्छतेची भाषा. १९४२ ते १९४५ या काळात या नौदलात लहानमोठी नऊ बंडे झाली होती. ती तेवढ्यापुरती दाबली गेली, त्यांची कारणे मात्र जागच्या जागी राहिली.

कुलाब्याचा तळ

एच.एम.आय.एस. तलवार हे जहाज नव्हे, कुलाब्याला जमिनीवर असलेला नौदलाचा तळ. तिथे संदेशवहनाचे शिक्षण दिले जाई. बिनतारी यंत्र चालवणारे, निशाणांनी संदेश देणारे खलाशी तिथे तयार होत. म्हणजे आरमारातली सगळ्यांत जास्त शिकलेली, वर्तमानपत्र वाचणारी मंडळी इथेच गोळा झाली होती. १ डिसेंबर १९४५ रोजी नौदल दिनानिमित्त तळ लोकांना दाखवायचा होता. त्या सकाळी भिंतींवर 'चले जाव'च्या घोषणा रंगवलेल्या सापडल्या. बलाईचंद्र दत्त हा टेलिग्राफिस्ट त्यामागच्या मंडळींपैकी एक. फेब्रुवारी १९४६ च्या आरंभी सरसेनापती ऑकिन्लेक यांच्या भेटीच्या वेळी तो पकडला गेला.

जानेवारीत तळावर नवा प्रमुख आला होता, कमांडर किंग. ८ फेब्रुवारीला काही खलाशांनी बराकीसमोरून जाणाऱ्या नौदलाच्या महिला सेविकांकडे पाहून शिट्ट्या मारल्या, आवाज काढले. इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. हे वर्तन वाईट होते. बरोबर काम करणाऱ्या बायकांची अशी छेड काढणे ही कुठल्याही तळावर शिक्षेची बाब आहे. स्वातंत्र्याची चाड असलेल्या माणसाला तर ते मुळीच शोभत नाही. किंगने दोषींना शोधून नियमाप्रमाणे शिक्षा केली असती, तर कुणाची तक्रार राहिली नसती. त्याने तसे केले नाही. बराकीत शिरून त्याने सरसकट सगळ्यांना शिव्या दिल्या. कुत्रीची पोरे, कुलींची पोरे, जंगली, असे शब्द वापरले. गुन्हा काही जणांचा होता. शिव्या मात्र त्यांच्या आईबापांना, त्यांच्या मातीला आणि कातडीला पडल्या. शिस्त लावणे आणि बेइज्जत करणे यांतला फरक त्या तळावर त्या दिवशी पुसला गेला.

नियमाने मागितलेली दाद

यानंतर खलाशांनी जे केले ते नीट लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी दगड उचलला नाही. लष्करी नियमाप्रमाणे अनेकांनी मिळून तक्रार करणे हेच बंड समजले जाई. म्हणून चौदा जणांनी चौदा वेगवेगळ्या तक्रारी नोंदवल्या. ज्याची त्याची फिर्याद, ज्याच्या त्याच्या नावाने. नियमाची चौकट त्यांनी तंतोतंत पाळली.

पण तक्रार वर जायची ती वरिष्ठाच्या हातून, आणि इथे वरिष्ठ म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तोच. आठवडा असाच गेला. १६ फेब्रुवारीला किंगने त्या चौदा जणांना समोर घेतले. खोटी तक्रार करणे हा गंभीर गुन्हा आहे अशी त्यांना समज दिली आणि विचार करायला मुदत दिली. ज्याने शिवी दिली तोच पंच होऊन बसला होता. शिवी खाल्लेल्याने आपल्या फिर्यादीची किंमत मोजायची तयारी ठेवावी, असा त्याचा अर्थ. चौदा कागद होते. त्यांतला एक जरी किंगच्या वरच्या अधिकाऱ्याने मागवून घेतला असता, तळावर येऊन एक दुपार चौकशी केली असती, तर पुढचे बरेच काही कदाचित टळले असते. मागण्या राजकीय होत्याच, देशातली हवा तापलेली होतीच. आझाद हिंद फौजेच्या खटल्यांनी तरुणांची मने पेटली होती. तरीही ठिणगी पडली ती या कागदांवर.

१८ फेब्रुवारीच्या सकाळी तलवारवरच्या खलाशांनी जेवण नाकारले आणि काम थांबवले. अधिकाऱ्यांची आता धावपळ झाली. किंगला हलवून कॅप्टन इनिगो जोन्स यांना आणले गेले. दहा दिवसांपूर्वी हे झाले असते तर तो इन्साफ ठरला असता. आता ती केवळ घाई दिसली.

पाच दिवस

संदेशवहनाच्या तळावर संप झाला होता, त्यामुळे बातमी पसरायला वेळ लागला नाही. आरमाराने ज्यांना शिकवले त्यांच्याच हातांनी ती जहाजाजहाजावर गेली. १९ तारखेला मुंबई बंदरातली जहाजे आणि कॅसल बॅरॅक्स संपात आले. मग कराची, मद्रास, विशाखापट्टणम, कलकत्ता. एकूण ७८ जहाजे, २० किनारी तळ आणि सुमारे २० हजार खलाशी त्यात ओढले गेले. मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष झाले लीडिंग सिग्नलमन एम. एस. खान आणि उपाध्यक्ष झाले मदन सिंग. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट पक्ष यांची निशाणे एकत्र चढली. फाळणी दीड वर्षावर येऊन ठेपली होती, आणि कुलाब्याच्या बराकींत शीख उपाध्यक्ष मुसलमान अध्यक्षाच्या शेजारी बसून मागण्यांचा मसुदा करीत होता. त्या मसुद्यात राजबंद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून हिंदी सैन्याची माघार होती. त्याबरोबरच चांगले जेवण, समान पगार, लवकर सुटका आणि अधिकाऱ्यांची माणुसकीची वागणूकही होती.

२१ फेब्रुवारीला कॅसल बॅरॅक्सवर लष्कराचा वेढा पडला आणि गोळी सुटली. आतल्यांनीही शस्त्रे काढली. त्याच दिवशी गेटवेवर मुंबईकरांची रीघ लागली. लोक खलाशांसाठी खाण्याच्या टोपल्या, फळे, पाणी घेऊन आले. ज्यांना पहाऱ्याला उभे केले होते ते हिंदी शिपाईच त्या टोपल्या बोटींपर्यंत पोहोचवत होते. २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या, गिरणगाव आणि मुसलमान मोहल्ले एकाच वेळी रस्त्यावर आले आणि शहरात गोळीबार झाला. सरकारी हिशेबानेच २२८ नागरिक आणि ३ पोलीस मेले, हजाराहून अधिक जखमी झाले. कराचीत 'हिंदुस्तान' जहाजावर तोफा डागल्या गेल्या. २३ तारखेला, वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यावरून, समितीने शस्त्रे खाली ठेवली. जिनांनीही कामावर परतण्याचे आवाहन केले होते. सूड घेतला जाणार नाही या भरवशावर माणसे बाहेर आली. त्यांतल्या अनेकांना कोठडी मिळाली आणि ४७६ जणांना नौदलातून काढून टाकण्यात आले.

आयोगाचे उत्तर

पुढच्या महिन्यात सरकारने चौकशी आयोग नेमला. पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश फाजल अली अध्यक्ष होते. न्यायमूर्ती कृष्णस्वामी अय्यंगार, न्यायमूर्ती महाजन, व्हाइस ॲडमिरल पॅटरसन आणि मेजर जनरल रीस हे सदस्य. म्हणजे तीन हिंदी न्यायाधीश आणि दोन गोरे सेनानी. राजकीय कटवाल्यांनी भोळ्या खलाशांना भडकवले, असे म्हणणे सरकारला सोयीचे झाले असते. आयोगाने ते सोयीचे उत्तर दिले नाही. मूळ कारण नोकरीतल्या गाऱ्हाण्यांतून साचलेला असंतोष हे होते, ती गाऱ्हाणी दीर्घकाळ दूर केली गेली नाहीत आणि राजकीय परिस्थितीने त्यात भर घातली, असा निष्कर्ष आयोगाने काढला.

आज हे वाक्य साधे वाटते. पण त्या वेळी परक्या सरकारने नेमलेल्या आयोगाने, दोन ब्रिटिश सेनानी शेजारी असताना, हे कागदावर आणणे लहान गोष्ट नव्हती. जेवण, पगार, शिवी आणि न ऐकलेली तक्रार या गोष्टी किरकोळ नाहीत, आरमार उभे राहते ते यांवरच, अशी ती कबुली होती. तोफा, दारूगोळा, कवायत ही सज्जतेची अर्धीच बाजू. हुकूम देणारा आपल्याला माणूस समजतो, हा खालच्याचा विश्वास ही उरलेली अर्धी. ती गेली की पहिल्या अर्धीचा उपयोग नसतो. जहाजे होती, तोफा होत्या, शिकलेली माणसे होती, आणि तरीही १८ फेब्रुवारी १९४६ च्या सकाळी तलवारचा तळ कुठल्याच कामाला सज्ज नव्हता.

याच फाजल अलींनी पुढे सर्वोच्च न्यायालयात, १९५० साली, ए. के. गोपालन खटल्यात वेगळा निकाल लिहिला. माणसाचे स्वातंत्र्य काढून घ्यायचे तर त्याला नोटीस हवी, त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, ऐकणारा निःपक्ष हवा आणि सगळे रीतसर झाले पाहिजे, असे त्यांनी मांडले. त्या वेळी ते मत अल्पमतात राहिले. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात न्यायालय त्याच वाटेने गेले. गोपालनचा निकाल लिहिताना तलवारचे चौदा कागद त्यांच्या डोळ्यांपुढे होते, असे आम्ही म्हणणार नाही. पण कमांडर किंगच्या टेबलावर जे नव्हते त्याचीच ही यादी आहे, हे कुणालाही दिसेल.

आपल्यासाठी

स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या नौदल कायद्याने वरिष्ठाच्या जुलमाविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क खलाशाला दिला. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दलांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आले आणि मुंबईतही त्याचे पीठ आहे. कागदावर वाट मोकळी झाली. ती खरोखर चालू राहते की नाही, हे मात्र प्रत्येक तळावर, प्रत्येक कचेरीत रोज नव्याने ठरते.

बलाईचंद्र दत्त आणि मदन सिंग यांची नावे नौदलाने आपल्या टगबोटींना दिली, हे चांगलेच झाले. अध्यक्ष खान मात्र विस्मृतीत गेले आणि आपल्या लेखकांनीही त्यांच्यासाठी फार शाई खर्च केली नाही. कोकणच्या खाडीकाठावरून जी घराणी या आरमारात गेली, त्यांच्या आठवणी गोळा करण्याचे काम अजून आपल्या हातचे आहे.

त्याहून मोठे काम घरातले आहे. आपल्या शाळा, बोर्डिंगे, ट्रस्ट, पतपेढ्या यांत शिक्षकाची तक्रार मुख्याध्यापकाविरुद्ध असली तर ती कोणाकडे जाते? शिपायाची तक्रार अध्यक्षाविरुद्ध असली तर ती कोण ऐकतो? बहुतेक ठिकाणी ज्याच्याविरुद्ध फिर्याद तोच काझी असतो, आणि फिर्यादीला सबुरीचा सल्ला मिळतो. सरकारकडे इन्साफ मागण्याचा हक्क आपल्याला आहे आणि तो आपण मागतोच. पण आपल्या दारातल्या चौदा तक्रारींवर धूळ बसली असेल, तर त्या मागणीला वजन राहणार नाही. सर्वांत खालच्या माणसाचा कागद ज्याच्यावर आरोप आहे त्याला वगळून वर जाऊ शकतो का, एवढा एक प्रश्न आपल्या प्रत्येक संस्थेने स्वतःला विचारावा.