रेवदंड्याला आलेला निळा देवमासा : रायगडच्या समुद्रातील कुदरतीचा करिश्मा

जून 2015 च्या अखेरीस, ऐन पावसाळ्यात, अलिबाग तालुक्यातील रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे 42 फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत अवस्थेत वाहून आला. वन विभागाचे कर्मचारी आणि स्थानिक लोकांनी त्याला पुन्हा खोल पाण्यात लोटण्याचा बराच प्रयत्न केला. पण एवढं वजन हलेना आणि अखेर तो दगावला. त्याच वर्षी सिंधुदुर्गातील कुणकेश्वरजवळच्या समुद्रात संशोधकांना निळे देवमासे दिसले होते. म्हणजे हा प्राणी आपल्या कोकणच्या समुद्राला परका नाही.

मासा नव्हे, सस्तन प्राणी

नावात मासा असला तरी देवमासा हवेत श्वास घेतो. डोक्यावरच्या छिद्रातून श्वास घेण्यासाठी त्याला वर यावंच लागतं. मादी पिल्लाला जन्म देते आणि दूध पाजते. माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते, देवमाशाची वर-खाली.

निळा देवमासा हा पृथ्वीवर आजवर झालेला सर्वात मोठा प्राणी मानला जातो. पूर्ण वाढ झाली की तो 80 फुटांच्याही पुढे जातो. म्हणजे रेवदंड्याचा देवमासा अजून लहानच होता. एवढ्या अजस्र प्राण्याला दात नसतात. कोळंबीसारखे बारीक जीव तो पाण्यासकट तोंडात घेतो आणि झालरीतून पाणी गाळून बाहेर टाकतो.

किनाऱ्यावर तो का मरतो?

समुद्रात पाणी त्याचा भार पेलतं. वाळूवर आला की स्वतःच्याच वजनाखाली त्याची फुफ्फुसं आणि इतर अवयव दबतात. कातडीखाली चरबीचा जाड थर असल्याने अंगातली उष्णताही बाहेर पडत नाही. म्हणून प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.

हूत आणि अंबर

हजरत युनूस अलैहिस्सलाम यांचा वाकया आपल्या घरातली लहान मुलंही जाणतात. कुरआन शरीफमध्ये त्या जीवाला ‘हूत’ म्हटलं आहे, म्हणजे मोठा मासा. सहीह बुखारीतील हदीसनुसार, हजरत अबू उबैदा रजि. यांच्या नेतृत्वाखालील भुकेल्या लष्कराला किनाऱ्यावर एक प्रचंड मासा मिळाला होता. त्याचं नाव होतं ‘अंबर’.

अत्तरात वापरला जाणारा अंबर स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात तयार होतो. लोक त्याला ‘व्हेलची उलटी’ म्हणतात. भारतात तो जवळ बाळगणं आणि विकणं हा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार गुन्हा आहे. ‘कोट्यवधींचा माल आहे’ असं सांगत कुणी सौदा घेऊन आला तर आपल्या तरुणांनी त्यापासून लांबच राहावं. किनाऱ्यावर असं काही सापडलं तर ते घरी न नेता वन विभागाला कळवावं.

देवमासा किंवा डॉल्फिन किनाऱ्यावर दिसला तर

- वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.
- गर्दी करू नका. अंगावर चढून फोटो काढू नका.
- अंगावर ओलं कापड टाका, पाणी मारत राहा. डोक्यावरचं छिद्र मात्र झाकू नका, त्यात पाणी जाऊ देऊ नका.
- शेपटीला दोर बांधून ओढू नका, त्याने इजा होते.

मासेमारी करणाऱ्या भावांसाठी आणखी एक गोष्ट. देवमासा, डॉल्फिन, बहिरी (व्हेल शार्क) किंवा समुद्री कासव जाळ्यात अडकलं आणि त्याला सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर राज्य सरकार 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. ही योजना डिसेंबर 2018 पासून आहे. पुरावा म्हणून जाळं कापतानाचे आणि प्राणी सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ जपून ठेवा.

मुरूड, श्रीवर्धन, दिघीच्या आपल्या कित्येक घरांची रोजी याच समुद्रावर चालते. त्यातल्या मुक्या मखलूकचा जीव वाचवणं हाही सवाबचाच भाग आहे.