मेळघाट आणि कॅमेऱ्याची नजर

अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. १९७४ साली येथे व्याघ्रप्रकल्प झाला, आणि पुढे बराच काळ बाहेरच्या माणसाला हा मुलूख ठाऊक होता तो वाघांमुळे. १९९३ नंतर मात्र धारणीचे नाव निघाले की कुपोषण आठवू लागले. शोधपत्रकारितेने लोक जागे होतात म्हणजे नेमके काय होते, याचा विचार करताना आम्हांला मेळघाटाचा इतिहास म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

१९९३ मध्ये खाजगी वाहिन्या नुकत्याच अवतरल्या होत्या. मराठी घरांत दूरचित्रवाणीवरील बातम्या म्हणजे दूरदर्शन. बालमृत्यूंचा प्रश्न पत्रकार शीला बारसे यांनी मुंबई उच्च न्यायालयात नेला. पोलीस कोठडीतील स्त्रियांच्या स्थितीविषयी १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकालही त्यांच्याच प्रयत्नांतून आलेला होता. १९९५ मध्ये आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजना आली. ही पहिली हालचाल छापील बातमी आणि याचिका यांच्या बळावर झाली, हे विसरता कामा नये.

२००७-०८ मध्ये झी २४ तास, स्टार माझा आणि आयबीएन लोकमत या मराठी वृत्तवाहिन्या सुरू झाल्या. ज्यांनी वृत्तपत्रांतील आकडे वाचून पान उलटले असते, त्यांनाही हाडे निघालेले मूल घरबसल्या पाहावे लागले. हे श्रेय वाहिन्यांचे आहे, आणि ते लहान नाही.

परंतु कॅमेरा समोर जे आहे तेच दाखवतो. जन्मून महिनाभरही न जगलेले आणि कोणत्याही वहीत न नोंदलेले मूल त्याला सापडत नाही. ते सापडले मोजणीतून. डॉ. अभय बंग आणि महाराष्ट्रातील अनेक स्वयंसेवी संस्थांनी गावोगावी जन्म-मृत्यू नोंदवले आणि २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. सरकारी नोंदींत कितीतरी बालमृत्यू येतच नाहीत, हे त्यातून उघड झाले. पुढे शासनाला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली.

दुसरी मर्यादा भाषेची आहे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा; मराठी वा हिंदी प्रेक्षकाला ती कळत नाही. पडद्यावर कोरकू आईचे रडणे दिसते. तिचे बोलणे मात्र निवेदकाच्या आवाजाखाली दबते. दवाखाना किती दूर होता, मजुरी केव्हा मिळाली, पावसाळ्यात वाट कशी बंद झाली, हे सांगणारी तीच असते. तिची कीव आपल्याला येते, पण तिची साक्ष आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

२००७ मध्ये डॉ. राजेंद्र बर्मा यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिच्यावरील सुनावण्या दीड दशकाहून अधिक काळ चालत राहिल्या. बातमीचे आयुष्य चार दिवसांचे असते. दर पावसाळ्यात कॅमेरा येतो, दौरे होतात, आश्वासने दिली जातात आणि पुढल्या वर्षी तेच दृश्य नव्याने 'उघडकीस' येते. गेल्या वर्षी काय सांगितले होते आणि त्यातले काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

शोध घेणाऱ्या कार्यक्रमाकडून आम्हांला याच प्रश्नाची अपेक्षा आहे. त्याने दिवाळीनंतरही धारणीला यावे, आरोग्य केंद्रातील रिकामी पदे मोजावीत, मृत्यूची वही मागावी आणि कोरकू जाणणारा माणूस सोबत आणावा. प्रेक्षक हळहळला एवढ्याने जागृती झाली, असे मानण्याइतका मेळघाटाचा अनुभव आता नवा राहिलेला नाही.