बीपीचं औषध आणि घड्याळ

मागे बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "जाऊबाईंना बाळंतपणानंतर ताप भरला, बीपी एकदम खाली गेलं. डॉक्टर म्हणाले, बीपी वाढवायचं औषध लावतो. सासूबाई रडायलाच लागल्या. ते औषध लावलं की माणूस जातो का हो?" जाऊबाई सुखरूप घरी आल्या. पण सासूबाईंची भीती वेडेपणाची नव्हती. एके काळी ती डॉक्टरांच्याही मनात होती.

या औषधाचं नाव नॉरॲड्रेनालिन. ते आपल्या अंगातही तयार होतं. १९४६ साली स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी दाखवलं, की रक्तवाहिन्यांना आवळायचा निरोप नसा याच रसायनातून देतात. १९७० साली त्यांना नोबेल मिळालं. जंतुसंसर्ग अंगभर भिनला की रक्तवाहिन्या सैल पडतात. टाकीतलं पाणी तेवढंच, पण पाइप रुंद झाले, तर शेवटच्या घराला पाणी चढत नाही ना, तसंच. मेंदूला, मूत्रपिंडाला रक्त पोचत नाही. यालाच सेप्टिक शॉक म्हणतात. सलाईन म्हणजे टाकीत पाणी ओतणं, आणि हे औषध म्हणजे पाइप आवळणं.

१९५० च्या सुमारास अमेरिकेत हे औषध 'लेव्होफेड' नावाने आलं. सगळे उपाय थकले की शेवटी ते लावायचे. रक्तस्रावाने बीपी पडलेल्यांनाही द्यायचे. त्यांना खरं तर रक्त हवं असायचं. शिरेबाहेर गळलं तर कातडी काळी पडायची. रुग्ण दगावायचे, आणि 'लेव्होफेड लावलं की माणूस गेला' अशा अर्थाचं यमक तिकडच्या वॉर्डांत रूढ झालं. उशिरा बोलावलेल्या वैद्यावर खापर फोडावं, तसंच हे झालं!

पुढे वेळेकडे लक्ष गेलं. २००१ साली डेट्रॉईटच्या डॉ. इमॅन्युएल रिव्हर्स यांनी २६३ रुग्णांचा अभ्यास छापला. आयसीयूत जाईपर्यंत न थांबता तातडीच्या विभागातच पहिल्या सहा तासांत ठरवून उपचार केले, तर मृत्यू शंभरातले सुमारे ४६ होते ते ३० वर आले. मग जिकडेतिकडे भरपूर सलाईन सुरू झालं. पण झांबियात २१२ रुग्णांच्या अभ्यासात तशीच ठरीव पद्धत वापरून पाहिली, तर नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त माणसं दगावली. हा अभ्यास २०१७ मध्ये छापला गेला. जिथे व्हेंटिलेटरची सोय तोकडी, तिथे फुफ्फुसात साचलेलं पाणी कोण सांभाळणार? 'अजून एक बाटली लावा' असा आग्रह आपण नातेवाईक धरतो ना, म्हणून हे मुद्दाम सांगते.

बँकॉकच्या डॉक्टरांनी मग ३१० रुग्णांचे दोन गट केले. सलाईन आणि अँटिबायोटिक दोघांनाही. एका गटाला थोडं नॉरॲड्रेनालिन सुरुवातीलाच, साधारण दीड तासात. दुसऱ्याला गरज पडल्यावर, तीन तासांच्या पुढे. सहा तासांनी पहिल्या गटातल्या शंभरातल्या ७६ जणांचा शॉक आटोक्यात आला, दुसऱ्यातल्या ४८ जणांचा. मृत्यूंमधला फरक मात्र खात्रीने सांगण्याइतका नव्हता. २०२३ मध्ये अमेरिकेत १,५६३ रुग्णांच्या अभ्यासातही, सलाईन कमी करून औषध लवकर देणं आणि सलाईनवर भर देणं, यांत मृत्यू जवळपास सारखेच निघाले. तेव्हा लवकर लावलं की माणूस वाचलाच, असंही मी म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र बदलली. पूर्वी मानेजवळच्या मोठ्या शिरेत नळी घातल्याशिवाय हे औषध देत नसत, त्यात वेळ जाई. २०२१ च्या जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात, त्यासाठी थांबू नका. हाताच्या शिरेतून, नीट लक्ष ठेवून, थोड्या वेळापुरतं सुरू करा.

दवाखान्यातलं घड्याळ डॉक्टरांच्या हातात, घरातलं आपल्या. ताप असताना हातपाय गार पडणं, श्वास जोरात चालणं, असंबद्ध बोलणं, लघवी कमी होणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. आणि शेवटची लघवी किती वाजता झाली, ते लक्षात ठेवून जा. डॉक्टर ते विचारतातच.