नेता घडवला, अधिकार मात्र राखून ठेवला

१/ मिशनरीने परक्या देशात किती काळ राहावे? लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन यांचे उत्तर स्पष्ट होते : स्थानिक मंडळी आपला कारभार, खर्च आणि धर्मप्रसार स्वतः सांभाळू लागेपर्यंतच. पुढे त्याने नव्या प्रदेशाकडे निघावे.

२/ या तत्त्वाची कसोटी ठरले सॅम्युएल अजायी क्राउथर. १८२१ मध्ये योरुबा प्रदेशातून त्यांना गुलाम म्हणून पकडून नेण्यात आले. पुढल्या वर्षी ब्रिटिश नौदलाने त्यांची सुटका केली. सिएरा लिओनमध्ये ते शिकले, शिक्षक झाले आणि १८४३ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. बायबलच्या योरुबा भाषांतरात त्यांचा मोठा वाटा आहे.

३/ व्हेन यांच्या आग्रहामुळे २९ जून १८६४ रोजी कँटरबरी येथे ते अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकी बिशप झाले. मात्र योरुबा प्रदेशातील युरोपीय मिशनरी त्यांच्या हाताखाली काम करण्यास राजी नव्हते. परिणामी त्यांची जन्मभूमीच त्यांच्या अधिकारक्षेत्राबाहेर राहिली.

४/ १८७३ मध्ये व्हेन वारले आणि वारे फिरले. १८९० मध्ये तरुण युरोपीय मिशनऱ्यांनी नायजर मिशनमधील अनेक आफ्रिकी सहकाऱ्यांना वृद्ध बिशपांसमोरच निलंबित केले. ३१ डिसेंबर १८९१ रोजी क्राउथर निवर्तले. त्यांच्या जागी युरोपीय बिशप नेमला गेला.

५/ तरीही पेरलेले उगवले. क्राउथर यांचे पुत्र डँडसन यांच्या नेतृत्वाखाली नायजर डेल्टातील मंडळ्यांनी स्वतःचा कारभार आणि खर्च स्वतः उचलला. व्हेन यांचे तत्त्व त्यांच्या संस्थेने सोडले. ते पाळले शिष्यांनी.