खानदेशातील विद्यार्थी आणि इंग्रजी वाक्प्रचारांचा मराठी रकाना

इंग्रजी वाक्प्रचार शिकविण्याची आपल्याकडील रूढ रीत अशी की, डाव्या रकान्यात इंग्रजी वाक्प्रचार मांडावयाचा आणि उजव्या रकान्यात त्याच अर्थाची मराठी म्हण द्यावयाची. मोल्सवर्थने आरंभिलेला व कँडीने १८४७ साली पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश सिद्ध झाला तेव्हापासून अशा जुळवणीला भक्कम आधार मिळाला. या रीतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही की, उजवा रकाना विद्यार्थ्याच्या घरचा आहे.

जळगाव व धुळे या जिल्ह्यांत हे गृहीत पुष्कळदा टिकत नाही. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-पाहणीत मराठीसाठी सातवा खंड दिला, पण खानदेशीचा विचार भिल्ली बोलींबरोबर नवव्या खंडाच्या १९०७ साली निघालेल्या भागात केला. त्याचे हे वर्गीकरण मान्य करा वा करू नका; घरी 'तू कथा जास?' असे विचारणाऱ्या मुलाला प्रमाण मराठी ही शाळेतच शिकावी लागते. त्याला इंग्रजी वाक्प्रचार दोन उंबरठे ओलांडून भेटतो. 'बीटिंग अबाउट द बुश' याचा अर्थ 'ताकाला जाऊन भांडे लपविणे' असा मी एकदा वर्गात सांगितला, तेव्हा साक्री तालुक्यातील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, लपवावयाचेच असेल तर झुडपे कशाला बडवावयाची?" प्रश्न रास्त होता. इंग्रजीत पक्षी उठविण्यासाठी झुडपाभोवती काठ्या आपटणारे हाकारे आहेत. मराठीत मागावयाचा संकोच आहे. रकाना जुळतो, चित्र जुळत नाही.

याहून महत्त्वाची बाब अशी की, उजवा रकानाही सर्वस्वी मराठीचा नाही. 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट', 'लांडगा आला रे आला', 'सिंहाचा वाटा' हे प्रयोग आपण मराठीची ठेव म्हणून इंग्रजीसमोर मांडतो. वस्तुतः हे सारे इसापाचे. तंजावरास सरफोजी राजांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापाच्या कथा मराठीत आल्या. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचे भाषांतर १८२८ साली मुंबईत झाले. 'सिंहाचा वाटा' याचा अर्थ तर विशेष बोलका आहे. प्रसिद्ध कथेत सिंह सर्वच शिकार घेतो. 'सर्वांत मोठा हिस्सा' हा अर्थ इंग्रजी वापराचा आहे आणि मराठीत तोच रूढ झाला. उलट सोन्याची अंडी इंग्रजीत हंसी देते, मराठीत कोंबडी. मात्र ला फोन्तेनच्या फ्रेंच कथेतही कोंबडीच असल्यामुळे हा बदल केवळ मराठीचा म्हणता येत नाही. 'नक्राश्रू', 'हस्तिदंती मनोरा', 'लालफीत' यांविषयी तर वादच नको. पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधलेले असत. फीत इंग्रजांच्या कचेरीतून आली.

म्हणजे विद्यार्थी ज्या म्हणीच्या साहाय्याने इंग्रजी समजून घेऊ पाहतो, ती कित्येकदा इंग्रजीचेच भाषांतर असते. खानदेशी मुलगा येथे अडखळला की त्याचे इंग्रजी कच्चे ठरविले जाते. अडखळण्याची जागा मात्र पुष्कळदा मधली असते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झाल्यावर दोन्ही उंबरठे त्याच्यासमोर एकदमच आले आहेत.

अलीकडे मी फळ्यावर अहिराणीचा तिसरा रकाना आखतो व तो विद्यार्थ्यांकडूनच भरून घेतो. काही ओळी कोऱ्या राहतात; काही ओळींत मात्र असे प्रयोग येतात की, त्यांच्यासमोर मराठी रकाना कोरा ठेवावा लागतो.