तालुका: महाराष्ट्रातला आणि अवधमधला

'तालुका' म्हटले की तुमच्यासमोर तहसीलदार कचेरी येते, सात-बाराचा उतारा येतो. लखनौच्या विकास नगरमध्ये मात्र या अर्थाने हा शब्द चालणार नाही. तिथे जिल्ह्याच्या विभागाला तहसील म्हणतात. अवधच्या इतिहासात तालुका म्हणजे एका घराण्याच्या ताब्यातली गावे, आणि तालुकदार हा अंमलदार नव्हे, तर त्या गावांचा धनी. मराठी विद्यार्थी अवधविषयी वाचताना इथेच फसतो.

मूळ अरबी 'तअल्लुक', म्हणजे संबंध. (आपला 'इलाखा'ही त्याच धातूचा.) मूळ अर्थात मालकी कुठेच नाही. तालुकदार गावांचा सारा गोळा करून सरकारात भरी; त्यातली सगळी गावे त्याची नसत. नवाबी काळात सारावसुलीचे मक्ते घेऊन आणि दुबळ्या गावांना आपल्या आश्रयाखाली आणून हे तालुके फुगत गेले.

मालकी आली ती १८५७ नंतर. बहुतेक तालुकदार उठावात सामील होते, म्हणून मार्च १८५८ मध्ये कॅनिंगने थोडे अपवाद वगळता अवधची जमीन जप्त केल्याचे जाहीर केले. मग शरण आलेल्यांना तीच परत दिली. १८५९ च्या सनदांनी ती वंशपरंपरागत झाली, १८६९ च्या कायद्याने तालुकदारांची नावे यादीत गेली. जप्ती ही शिक्षा वाटते खरी, पण तिने गावातल्या जुन्या हक्कदारांचे हक्कही पुसले, हे माझ्या मते अधिक महत्त्वाचे.

मुंबई इलाख्यात रयतवारी होती. सरकार थेट शेतकऱ्याकडून सारा घेई, त्यामुळे तालुका मामलेदाराच्या हाताखालचा विभाग राहिला.

अवधमधल्या कुळाला मात्र नजराणा द्यावा लागे, नाहीतर बेदखली. त्याविरुद्ध १९२० मध्ये प्रतापगडच्या शेतकऱ्यांना उभे करणारे बाबा रामचंद्र मूळचे मराठी होते, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. त्यांचे मूळ नाव श्रीधर बळवंत जोधपूरकर. फिजीत गिरमिट्या मजूर म्हणून राबून ते परतले होते. महाराष्ट्रातल्या 'तालुक्या'त असे आंदोलन कुणाविरुद्ध झाले असते, याचा विचार करा.

१ जुलै १९५२ रोजी जमीनदारी निर्मूलन कायद्याने तालुकदारांच्या जमिनी राज्याकडे गेल्या. कैसरबागेतली त्यांच्या संघटनेची सफेद बारादरी अजून उभी आहे.